दोरीच्या आतलं भात

इथले अनुभव मी वाचते ते वेळ घालवायला. देवाचा कोप, भूतखेत असलं काही माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही — बीएस्सी ॲग्री झालेली बाई मी, पीक गेलं की आधी पान उलटून कीड बघते. तरी हे लिहितेय, कारण ऑफिसात सांगितलं तर वेड्यात काढतील.

मी लातूरकडची. पहिली नेमणूक तलासरी तालुक्यात, कृषी सेवक म्हणून. म्हणजे परिवीक्षेवर... काम सगळं पर्मनंट माणसाचं, नोकरी मात्र कच्ची. साहेबांनी शेरा वाईट दिला की संपलं. आणि गावाकडचं घर माझ्याच पगारावर.

त्या पावसाळ्यात माझ्याकडे भाताचा पीक कापणी प्रयोग आला. माहीत नसेल त्यांच्यासाठी — चिठ्ठी काढल्यासारखं कुठलंही एक शेत निवडलं जातं, त्यात दोरीने तुकडा आखायचा, तेवढंच भात कापून वजन करायचं. अशा तुकड्यांच्या सरासरीवर सगळ्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांचा, पीक विमा ठरतो. उत्पन्न कमी निघालं तर भरपाई, नाहीतर काही नाही.

शेत निघालं जेठीमावशीचं, उधव्याच्या रस्त्याला एका पाड्यावर. मी खुंट्या ठोकत होते, मावशी बांधावर बसून बघत होती.

"बाय, हे कशाला?"

"माझी नोकरी अजून कच्ची आहे मावशी. हा प्रयोग नीट झाला की पक्की होईन."

सहज बोलून गेले मी. ती उठली, खुंटीपाशी वाकली आणि कणसरीला — ती त्यांची धान्याची देवी — काहीतरी पुटपुटली. मी दोरी ओढण्यात होते, लक्ष दिलं नाही.

मग भात फुलोऱ्यात असताना पाऊस लागला तो थांबेचना. कापणीला गेलो तर सगळं पळंज... लोंब्या ताठ उभ्या, आत दाणाच नाही. मावशीचंच नाही, सगळ्या पाड्याचं.

आणि दोरीच्या आतलं भात दाण्यांच्या भाराने वाकलेलं.

दोरीला लागून असलेली बाहेरची लोंबी चोळली तर नुसता कोंडा. आतली चोळली तर टपोरे दाणे. साहेब सोबत होते. त्यांनी स्वतः दोन्हीकडच्या लोंब्या चोळून बघितल्या, मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथे वेगळं काही टाकलंत का?"

मी काय टाकणार? बी तेच, खत तेच, पाणी तेच. इथे पूर्वी उकिरडा होता का, तेही विचारलं. नव्हता. आणि असता तरी दोरी धरून सरळ रेषेत थोडाच असतो?

तुकडा बदलता येत नाही. फोटो लोकेशनसकट ॲपवर चढलेले. वजन भरलं ते टाकलं. त्या वजनाने सरासरी विम्याच्या मर्यादेच्या जराशी वर गेली आणि मंडळाला विमा मिळाला नाही. दिवाळीनंतर मावशीचा मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेले. पाड्यावरची निम्मी घरं बंद झाली.

माझा शेरा मात्र उत्तम आला. ऑर्डर मिळाल्यावर थोड्याच दिवसांत मावशी तलासरीच्या बाजारात भेटली.

"झालीस ना पक्की?"

"झाले."

तिचा चेहरा असा फुलला की मला तिथेच रडू यायला लागलं. ती म्हणाली, "तुझ्या तुकड्यापुरतंच मागितलं मी. आमचं नाय मागितलं. एका टायमाला एकच मागायचं असतं."

तिला वाटलं होतं, तुकडा चांगला पिकला की पोरगी पास. विमा का आला नाही ते पाड्यावर अजून कुणाला नीट कळलेलं नाही, आणि माझ्याने सांगवत नाही.

कॉलेजातल्या सरांना फोटो पाठवले होते. ते म्हणाले, फोटोतच काहीतरी गडबड असेल. मी तिथे उभी होते हो, दाणे माझ्या तळहातावर होते. पण कारण विचाराल तर आजही माझ्याकडे नाही.

परवा मावशीकडे गेले होते. चहा देता देता म्हणाली, "बाय, तुला घराकडं बदली पायजे ना? मागू का?"

बदलीसाठी माझा जीव रोज तुटतो. पण पाड्यावरची बंद घरं डोळ्यांपुढे आली.

"नको मावशी. माझ्यासाठी काहीच मागू नका."

तिचं तोंड एवढंसं झालं.