स्वखुशीने घरी बसलेले बाबा

बाबांची नोकरी गेली आणि आमच्या घरात सत्यनारायण झाला.

ते सरकारी कारखान्यात सुपरवायझर होते. नवं आर्थिक धोरण आलं आणि कारखान्याला एकाएकी माणसं जड झाली. 'जा' असं तोंडाने कुणीच म्हटलं नाही. बाबांचं काम काढून घेऊन त्यांना फक्त स्टोअरबाहेरच्या बाकावर बसवलं. हजेरी लावायची आणि दिवसभर बसून राहायचं. हा माणूस रिकामं बसणं सहन करणार नाही, हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं. पावसाळा संपायच्या आत बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

मी तेव्हा बी.ए.ला अर्थशास्त्र शिकत होते. चालू पगारावर काम करायची तयारी असूनही ज्याला काम मिळत नाही तो अनैच्छिक बेकार. ज्याला त्या पगारावर काम नकोच आहे तो ऐच्छिक. ऐच्छिकाची शास्त्राला फारशी काळजी नसते. बाकाचा उल्लेख पुस्तकात कुठेच नव्हता.

पण पुस्तकावर तरी किती चिडणार? बाबांनी स्वतःच आमच्या बरकतपुरा मोहल्ल्यातल्या झाडून साऱ्या मराठी घरांना पूजेला बोलावलं. शिऱ्याचा प्रसाद हातावर ठेवताना प्रत्येकाला हसून सांगत होते, की पुष्कळ झाली चाकरी, आता आराम. आई ओठ घट्ट मिटून पंगतीला वाढत होती. मला त्या हसण्याचा संताप येत होता.

पूजेनंतर ते रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून 'फिरायला' जात. शहराच्या कडेच्या कुकटपल्लीतल्या वर्कशॉपांच्या फाटकांवर उभे राहत, हे आम्हाला कळलं होतं. निम्म्या पगारावरही त्यांची तयारी होती. तिथेच आमच्या ओळखीच्या एका मराठी गृहस्थांचं वर्कशॉप होतं. पूजेला ते सहकुटुंब जेवून गेले होते. नेमके त्यांच्याकडेच बाबा गेले नाहीत. ओळखीच्या माणसापुढे हात कसा पसरायचा!

दिवाळीत ते गृहस्थ फराळाला आले आणि सहज बोलून गेले, की सुपरवायझर हवा होता तो एकदाचा मिळाला. बाबांच्याच खात्यातला, बाकावर त्यांच्या शेजारी बसणारा माणूस.

"पहिलं नाव तुमचंच मनात आलं होतं साहेब," ते म्हणाले. "पण तुम्ही तर खुशीनं सोडली. तो बिचारा लई परेशान होता, घरी येऊन रडला. म्हणून त्याला ठेवून घेतलं."

आता तरी बोला, असं मला बाबांवर ओरडावंसं वाटलं.

"चांगलं केलंत," बाबा म्हणाले. "त्याला गरज होती." आणि चकल्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "आणि आपल्याला नव्हती?"

बाबांनी फराळाच्या ताटल्या उचलून आत नेल्या. दुसऱ्या दिवसापासून ते फिरायला जाईनासे झाले. काम मागणं त्यांनी कायमचं सोडलं, आणि हे मात्र त्यांनी खरोखरच आपल्या मर्जीने केलं.