सगळ्या वर्गाचे आजोबा

माझी वहिनी कुणावर जळत असली की चहात साखर घालायला विसरते. तिला स्वतःला ते कळत नाही, कारण ती तसाच पिऊन टाकते. नवीन बाई शाळेत आल्या आणि आमच्या घरात सगळे बिनसाखरेचा चहा प्यायला लागले.

आम्ही दोघी एकाच शाळेत. मी चित्रकला शिकवते, म्हणजे मला कुणी मोजत नाही. वहिनी भाषा शिकवते आणि दहावीचा वर्ग कायम तिचा. बसथांब्यावर, दवाखान्यात, कुठेही कुणीतरी बाप्या झालेला विद्यार्थी भेटतो आणि "दहावीच्या बाई ना?" म्हणतो. तेव्हा ती पर्स सावरत अशी काही हसते की माझ्या भावालाही तसं हसू कधी वाट्याला आलेलं नाही.

तिचं शिकवणं एकदम पक्कं. निबंध ती सांगते, मुलं उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत ओततात. सगळ्यात गाजलेला 'माझे आजोबा'. काठी टेकत येणारे, खिशात गोळ्या ठेवणारे, संध्याकाळी गोष्ट सांगणारे आणि शेवटच्या परिच्छेदात वारणारे. 'मागच्याच महिन्यात ते आम्हाला सोडून गेले, पण त्यांची काठी अजून दाराशी उभी आहे.' या वाक्याला पेपर तपासणाऱ्याचे डोळे पाणावतात म्हणे. वर्षानुवर्षं सगळ्या वर्गाचे आजोबा एकाच काठीने चालले आणि एकाच महिन्यात गेले.

दहावीबरोबर वहिनीकडे नववी अ होती. नवीन बाईही भाषेच्याच, त्यांना नववी ब दिली. त्यांची तऱ्हाच वेगळी. "आधी कच्चं लिहा," म्हणायच्या. मुलं लिहायची, शेजारच्याला वाचून दाखवायची. शेजारच्याने चुका काढायच्या नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. मग खोडाखोड, मग परत लिहिणं. बाई स्वतःसुद्धा फळ्यावर लिहायच्या आणि मुलांच्या देखत खोडायच्या. मुलांनी त्यांचं नाव 'कच्च्या बाई' ठेवलं, तेही लाडाने. वहिनीला इतक्या वर्षांत कुणी टोपणनाव ठेवलं नव्हतं. त्याचीही तिला पोटदुखी झाली.

"बाईंनीच फळ्यावर चुकायचं, मग मुलांनी शाळेत यायचं कशाला?" ती स्टाफरूममध्ये मला म्हणाली, पण आवाज नवीन बाईंच्या टेबलापर्यंत पोचेल असा लावून. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खरंय, मी फार चुकते." भांडायला समोरचं माणूस तयार नसलं की वहिनीच्या अंगाचा जास्तच तिळपापड होतो.

त्यात आमच्याकडे शिक्षकांचं मूल त्यांच्याच वर्गात ठेवत नाहीत. म्हणून माझी भाची, म्हणजे वहिनीची मुलगी, नववी ब मध्ये. रोज जेवायला बसलं की तिचं "आमच्या बाई, आमच्या बाई" सुरू. एकदा म्हणाली, "आई, आमच्या बाईंनासुद्धा पहिलं वाक्य पटकन सुचत नाही." वहिनीच्या हातातला डाव भातातच राहिला. घरात आणखी माझे वडील होते, त्यांनी मुकाट्याने स्वतःच वाढून घेतलं.

अशात मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी दहावीला भाषा या दोघींपैकी एकच बाई शिकवतील. दोन्ही तुकड्यांचे निबंध ते स्वतः वाचणार आणि ठरवणार. विषय, घरातलं एक माणूस. वहिनीचा चेहरा उतरला. दहावी गेली तर तिला पाचवी-सहावीत ऱ्हस्व-दीर्घ घोकून घ्यावं लागणार, आणि बसथांब्यावर तिला कोण काय म्हणणार होतं?

मत्सराला डोकं फार. तिने भाचीला समोर बसवलं आणि 'माझे आजोबा' तोंडपाठ करून घेतला. हिशेब सरळ होता. ब तुकडीतला निबंध सरांना आवडलाच, तर तो निदान आपला असावा.

"पण आजोबा तर तिथे बसलेत," भाची म्हणाली.

"निबंधात नाही बसलेत," वहिनी म्हणाली. "लिही."

पोरगी आईला घाबरते. तिने वर्गात तेच लिहून दिलं.

त्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. माझे बाबा बनियनवर, हातात पकड घेऊन गळका नळ दुरुस्त करत होते. त्यांनीच दार उघडलं. बाहेर नवीन बाई, फिकट कपड्यांत, मान खाली.

"मला कालच कळलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फार वाईट झालं."

"कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"या घरातल्या आजोबांचं."

बाबांनी पकड खाली ठेवली. "आत या," ते म्हणाले. "मलाही ऐकू दे."

मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले. तिथे वहिनी ओट्याला टेकून उभी होती, पांढरीफटक. तिला ओढून बाहेर आणावं लागलं. नवीन बाई बिचाऱ्या सांगत होत्या, तुम्ही दोघी रोज शाळेत येता, एका शब्दाने बोलला नाहीत, माझ्या मनाला लागून राहिलं. पर्समधून त्यांनी भाचीचे कागद काढले. बाबांनी चष्मा लावला आणि स्वतःचं मरण शेवटपर्यंत वाचलं.

"छान गेलोय," ते म्हणाले. "पण मला काठी नाही. आणि मी कुणाला कधी गोष्ट सांगितली? हे कोण आहेत?"

भाचीने आईकडे पाहिलं. आता वहिनी काहीतरी थाप मारणार, असं मला वाटलं. ती खुर्चीवर बसली.

"माझे आजोबा आहेत," ती म्हणाली. "मी नववीत असताना ते गेले. तेव्हा लिहिला होता."

माझ्या भावालाही हे माहीत नव्हतं. कुणाला असणार? ज्या मुलांना ती ते सांगत आली, त्यांना वाटत होतं की ते आजोबा निबंधातच जन्मले.

नवीन बाईंनी कागद तिच्याकडे सरकवले. "कच्चा कसा होता?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"त्यात ते चिडके होते. खूप चिडायचे," वहिनी म्हणाली. "आमच्या बाईंनी ते खोडलं. गोष्ट सांगतात असं लिही म्हणाल्या."

"काय म्हणायचे चिडले की?"

वहिनीने शेवटचा कागद उचलला. मग म्हणाली, "काठी दाराशी उभी आहे, एवढंच येतंय." नवीन बाई चहा न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी निकाल सांगितला. ब तुकडीचं लिखाण जिवंत आहे, पण दहावीला कच्चं चालत नाही, मार्कांचा प्रश्न आहे. वर्ग वहिनीकडेच राहिला. नवीन बाईंनी सगळ्यांच्या आधी तिचं अभिनंदन केलं. वहिनीने आभार मानले.

घरी आलो तर भाची बाबांसमोर जमिनीवर मांडी घालून बसलेली, हातात पेन्सिल.

"नळ दुरुस्त करताना तुम्ही शिव्या कुणाला देता, नळाला की माझ्या बाबांना?"

"तुझ्या बाबाला. नळ त्यानेच बसवलाय."

पोरगी खुदखुदली. लिहिलं, खोडलं, परत विचारलं. बाबा वैतागत होते आणि उत्तरं देत होते. वहिनी चपला न काढता दारात उभी राहून बघत होती. नवीन बाईंकडे ती वर्षभर जशी बघत आली, अगदी तशीच नजर, फक्त या वेळी समोर तिची स्वतःची मुलगी होती.

मग ती आत गेली आणि चहा केला. बाबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, उठून साखरेचा डबा आणला आणि पहिला चमचा वहिनीच्या कपात घातला.