चिंचेखालचा उंबरा

गोदावरी भोपी यांच्या घराला छप्पर होतं, नळ होता, दारही होतं. फक्त उंबरा नव्हता. तो समोर चिंचेखाली बसून नैवेद्य घेत होता.

हे घर बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. काळा दगड, दोन हात जाडीच्या भिंती, आणि काही दगडांना दोर ओवण्यासाठी आरपार कोरलेली भोकं. पूर्वी प्रवासात इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं गावात सांगतात. हे घर त्या घोड्यांचं होतं, असंही सांगतात. पुरावा कुणाकडे नाही. भोपींच्या आठवणीत तिथे पेंढा आणि म्हशी होत्या. मग छप्पर कोसळलं आणि आत घाणेरी माजली.

वाटण्यांत थोरल्या दिरांनी शेत घेतलं आणि धाकट्याच्या विधवेला सांगितलं, "हे दगड तुझे." गोदूबाई तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या जीन्सच्या कारखान्यात तपासणीला होत्या. वाकड्या शिवणीची पँट त्या सिंधी मालकाच्या टेबलावर टाकत. "साईं, ही परत," एवढंच म्हणत. मालक चिडायचा आणि पँट उसवायला पाठवायचा. दगड पाडून चाळ बांध, असा सल्ला त्यांना सगळ्यांनी दिला. त्यांनी काम सोडलं आणि त्याच दगडांत राहायचं ठरवलं.

गवंडी बाळाजीने भिंतींचे सांधे भरले. लोखंडी तुळयांवर मंगलोरी कौलं चढली. म्हशींची गव्हाण होती तिथे न्हाणीघर झालं. वायरिंगवाल्याने भिंतीला ड्रिल लावलं, दगडाने ते मोडलं, म्हणून वायरी भिंतीवरूनच पाइपातून गेल्या. स्वयंपाकघरात उजेड नव्हता, तिथे एक खिडकी पाडली. लाद्या बसवायला जमीन सारखी करायची होती, तेव्हा दाराचा दगडी उंबरा पहारीने उचकटून चिंचेखाली ठेवला.

उंबरा असाच काढत नाहीत. गोदूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं आणि त्या बदलापूरला नळ आणायला गेल्या. दगड मधे झिजून खोलगट झालेला. बाळाजी भिंतींवर मारत होता ते पाणी त्या खळग्यात साचलं, त्यात कुंकू उतरलं. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी हात जोडले. दुसऱ्या दिवशी तिथे बेलाची पानं होती, मग नारळ. पुतण्या प्रमोदने आपल्या मंडळाच्या पोरांना घेऊन चार बांबूंवर पत्रा टाकला आणि घंटा टांगली. सोमवारी आरती सुरू झाली.

"काकी, देव आलाय तुझ्या दारात," प्रमोद म्हणाला. "लोकांच्या नशिबात नसतं."

"दारात आलाय ना? मग दारातच बसवते."

"तिथे तू येतेस-जातेस. देवाला ओलांडणार काय?"

"तुमच्या घरी सणाला उंबऱ्याला हळदकुंकू कोण लावतं?"

"आई."

"मग ती बाहेर कशी येते? उडत?"

प्रमोदने विषय बदलला. मार्केटमध्ये ग्रॅनाइटचा तयार उंबरा मिळतो, मंडळ आणून देईल, म्हणाला. पुढे पत्र्याच्या जागी पक्कं बांधकाम करू, फरशी थेट दारापर्यंत घेऊ.

गोदूबाईंना एवढं ऐकणं पुरे होतं. ग्रॅनाइटने त्यांचं काही अडलं नसतं. पण आज उंबरा सोडला तर उद्या अंगण जाणार होतं, आणि परवा स्वतःच्या घरात शिरायला मंडळाला विचारावं लागलं असतं.

त्यांनी बाळाजीला बोलावलं. तो हलेना. "ताई, मी हात नाय लावणार. पोरंबाळं आहेत माझी."

"काढलास तो तूच ना?"

"तेव्हा दगड होता."

पुढच्या सोमवारी, माणसं जमलेली असताना, गोदूबाई पहार घेऊन आल्या. सोबत नळाच्या कामातून उरलेले लोखंडी पाइपांचे तुकडे होते. त्यांनी दगडाला नमस्कार केला, बेल आणि नारळ टोपलीत काढून ठेवले, पहार खाली घातली आणि दगड पाइपांवर घेतला. मग ढकलू लागल्या. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे ठेवायचा, पुन्हा ढकलायचं.

"काकी, सोड तो," प्रमोद म्हणाला.

"तू धर ना मग."

धरायला देवाला हात घालून खेचावं लागलं असतं. ते प्रमोदच्याने झालं नाही, कुणाच्यानेच झालं नाही. मागून कुणी म्हणालं, "बाईवर कोप होईल."

"झाला तर माझ्यावर होईल," गोदूबाई म्हणाल्या. "बाजूला हो, पाय सापडेल."

दगड अंगण ओलांडून दारापाशी आला. त्यांनी तो चौकटीत सरकवला, पण एका बाजूने वर राहिला. त्या पहारीने ठोकू लागल्या. बाळाजी गर्दीतून पुढे आला.

"असा वाकडा बसेल," तो म्हणाला.

"वाकडा चालणार नाही मला."

"मग सरका." त्याने चपला काढल्या, दगडाच्या पाया पडला आणि लेव्हलची नळी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदची आई सरस्वती बेल घेऊन आली. चिंचेखाली काही नाही बघून दारापाशी थांबली. गोदूबाई आतून म्हणाल्या, "वहिनी, चहा टाकलाय." सरस्वतीने उंबऱ्यावर बेल ठेवला, कुंकू लावलं, कपाळ टेकवलं. मग निऱ्या उचलून तो ओलांडला आणि विचारलं, "खिडकी नवीन पाडलीस काय गं?"

संध्याकाळी प्रमोद सामान न्यायला आला. घंटा काढली, बांबूंना हात घातला.

"पत्रा राहू दे," गोदूबाई दारातून म्हणाल्या. "माझी स्कूटी भिजते."