मैदानातलं वर्तुळ

"बाई, ती दोरी खाली टाका. ही शाळा आहे, मेंढवाडा नाही."

नववीच्या चाळीस मुलांसमोर संचालिका मॅडम हे बोलल्या. सांगलीतली ही इंग्रजी शाळा त्यांच्या सासऱ्यांची. तेवढीच त्यांची पात्रता.

भूमितीचे सर रजेवर होते, म्हणून निवृत्तीनंतरही मी तिथे शिकवायला जात होते. मुलांना त्रिज्या पाठ होती. कळली नव्हती. मी मैदानात खुंटी ठोकली, दोरी बांधली, टोक एका मुलीच्या हाती दिलं. दोरी ताणून ती फिरली. मातीत वर्तुळ उमटलं.

"टीचर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या बापाने. जतच्या माळावर तो मेंढरांचं कुंपण असंच आखायचा."

मॅडम मागेच उभ्या होत्या.

कुंपण चौकोनी का नाही, असं लहानपणी मी बापाला विचारलं होतं. "कोपरं कशाला गं? कोपऱ्यात मेंढरं चेंगारत्यात." बापाला अक्षर येत नव्हतं. मॅडमना फक्त अक्षर येतं.

नातवंडांनो, हे तुम्हालाही ठाऊक नाही. आम्ही धनगर. गुंठाभर जमीन नव्हती. तरी नोकरीत सगळी वर्षं मी 'वडील शेतकरी' असंच सांगितलं. चांगल्या घरातल्या बायका इंग्रजी बोलतात, म्हणून इंग्रजी बोलणारी ही चांगल्या घरातलीच, असं लोक धरून चालत. मी चालू देत असे. विधान खरं असलं तरी त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटवलेलं विधान, खरा असतोच असं नाही, हे फळ्यावर शिकवणारी मी. तो खोटा व्यत्यास इस्त्री करून अंगावर घालत होते.

दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टाईप केलेला माफीनामा पुढे सरकवला. पालकसभेत मी तो वाचायचा होता. पहिलंच वाक्य: मैदानात काढलेली आकृती वर्तुळ नव्हे, वर्तुळ वहीत, कंपासने काढतात.

"सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका. तुमच्या लोकांना कितीही शिकवा, वळण काही जात नाही."

सही केली असती तर बापाचं वर्तुळ मीच पुसलं असतं. पर्समधून लाल पेन काढलं. त्या वाक्यावर फुली मारली. शेजारी लिहिलं: 'चूक. प्रतलात एका बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ. व्याख्येत वही नाही.'

"हे काय?"

"शून्य गुण. पुन्हा लिहून आणा."

खुंटी आणि दोरी घेऊन मी घरी आले. परत गेले नाही.

आता कुठल्याही कागदावर, कुणाहीपुढे, मी बापाला खोडणार नाही. तुम्हाला कुणी आजीबद्दल विचारलं तर नुसतं 'टीचर' म्हणू नका. मेंढपाळाची पोर, हे आधी सांगा. गाळलंत, तर तुमच्याही वाक्यावर लाल फुली मारीन.