सेल उतरलेला धवला

आयुष्यभर जी खरखर घालवायला मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेपरेकॉर्डरचं हेड पुसत बसले, तीच खरखर आता लॅपटॉपवर मुद्दाम घालते. आहे की नाही गंमत? त्यासाठी एक प्लगइन असतं. म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसणारं एक पिल्लू सॉफ्टवेअर. उघडलं की पडद्यावर जुनं टेपचं मशीन दिसतं, दोन चाकं गरगर फिरायला लागतात. खाली बटणं. एक खरखरीचं, एक टेपच्या थरथरीचं, एक आवाजाला जरा ऊब देणारं आणि एक वेगाचं. चाकं फिरतात त्याचा आवाजाशी काही संबंध नाही, ते नुसतं चित्र आहे, असं माझी नात सांगते. असू दे. चाकं फिरताना दिसली नाहीत तर मला काम सुचत नाही.

नात राहते घोडबंदर रोडला, मी ठाकुर्लीत. प्लगइन तिने टाकून दिलं. बाकी सगळं मी व्हिडिओ बघून शिकले. थांबवायचं, मागे न्यायचं, वहीत बटणांचं चित्र काढायचं, पुन्हा लावायचं. आमच्या भजनी मंडळाचं मी मोबाईलवर रेकॉर्डिंग करते. मोबाईलमधला आवाज कसा, स्टीलच्या ताटलीसारखा. प्लगइनमधली टेप फिरवली की तीच ताटली कल्हई केलेल्या पितळेची होते. मंडळातल्या बायका खूश. एक तर म्हणाली, काकू, यात माझा दमासुद्धा लपतो.

ही कीर्ती आमच्या मागच्या आळीत पोचली. तिथे जुनी आगरी वस्ती आहे. शेतं गेली, बिल्डिंगी आल्या, पण लग्न लागतं ते अजून धवलारणीच्या तोंडून. नवीन वाचकांसाठी सांगते, धवलारीण म्हणजे लग्नातले विधी गाऊन करणारी बाई. ती जी गाणी म्हणते ते धवले. एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावायचं, बसवायचं, मग हळद. तिचा धवला झाल्याशिवाय पुढचं पान हलत नाही.

त्या आळीतल्या म्हाताऱ्या धवलारणीची सून एका रविवारी माझ्याकडे आली. ठाण्याला ऑफिसात नोकरी करते, चाळिशीतली असेल. हातात रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट. चहा घेता घेता तिने सगळं सांगितलं. सासूचे गुडघे गेले. मांडवात पाटावर तासन्‌तास बसवत नाही. पुढच्या महिन्यात सासूच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न, घोडबंदर रोडच्या हॉलमध्ये. तिथे कोण बसणार? सुनेला सगळे धवले पाठ, एकदा एका मांडवात तिने एक म्हणूनही दाखवला. पण सासू तिला बसू देईना. या लग्नाला दुसऱ्या गावची धवलारीण बोलावली की घरातला मान गेला, तो काही परत यायचा नाही, हे दोघींनाही माहीत.

मी विचारलं, बसू का देत नाहीत?

सून म्हणाली, "आय बोलते, तू सुरुवात बरी करतेस न्‌ मग सुटतेस. देवाना बोलवायचा, हाकवायचा नय."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून आवरलं.

तिचं म्हणणं वेगळंच होतं. सासूला माझा आवाजच पटत नाही, ऑफिसातल्या बाईचा वाटतो. काकू, तुम्ही भजनाला ते जुनं टेपसारखं करता ना, तसं माझ्या आवाजाला करून द्या. या कॅसेटमध्ये सासूचे धवले आहेत, अगदी असंच लागलं पाहिजे. ऐकून ती गार होईल.

मग हळूच पुढचंही सांगितलं. धवले शिकायची रीत म्हणजे म्हातारीच्या शेजारी मांडवात बसायचं आणि तिच्या मागे म्हणायचं. घरी बसून धवला म्हणत नाहीत, निदान ही म्हातारी म्हणत नाही. देवाला उगाच कशाला उठवायचं? पण लग्नं लागायची तेव्हा सून ऑफिसात. म्हणून सासू कुठे मांडवात गेली की ही संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, ती परतायच्या आत, स्वयंपाकघरात बारीक आवाजात ही कॅसेट लावायची. भाकऱ्या थापत थापत शिकली. सासूला पत्ता नाही.

मी तिला बाल्कनीच्या आतल्या खोलीत बसवलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. घाम पुसत पुसत तिने धवला म्हटला. सुरुवात इतकी संथ की मी डोळे मिटून घेतले. शेवटाकडे येईतो बाई अशी पळत होती की जणू गॅसवर दूध ठेवलंय. वाटलं, घाबरली असेल.

ऊब घातली, थोडी थरथर, खरखर चवीपुरती. छान झालं होतं हो. तिने ते मोबाईलवर नेलं, सासूला घराबाहेर ओट्यावर बसवून ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी पडक्या चेहऱ्याने परत. सासू म्हणाली होती, आवाज झकास आला. घाई तीच आहे.

आता मी हट्टाला पेटले. माझा जुना डेक अजून चालतो, त्याला वायर लावून मी ती कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरवली. वर सासूचा धवला, खाली सुनेचा, असे दोन्ही पडद्यावर एकाखाली एक ठेवले आणि एकदम लावले. आणि काय सांगू, जुळ्या बहिणींसारखे! सासू जिथे श्वास घेते तिथे सून घेते. सासू जिथे चढते तिथे सून चढते. शेवटाला सासूसुद्धा तशीच सुटलेली, सूरही तसाच वर वर गेलेला.

सून बघतच राहिली. म्हणाली, म्हणजे आय स्वतः पळते आणि मला बोलते?

मलाही तेच वाटलं. पण त्या कॅसेटमध्ये मागे एक पुरुष ओरडत होता. धवल्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, तेच शब्द, "पानी आना रं!" सुरुवातीला आवाज असा की हंड्यात तोंड घालून बोलावं. शेवटी तोच माणूस पाचवीतल्या मुलासारखा किरटा. मी विचारलं, हा कोण?

"सासरे," ती म्हणाली. "त्यांचा आवाज लई जाड होता. स्टेशनवरून हाक मारली तर घरात कळायची."

मग हा किरटा कसा झाला?

ती आठवायला लागली. कॅसेटमधलं लग्न तिच्याच नणंदेचं. ही तेव्हा नवीन सून. मांडवात लाईट गेलेली. सासरे मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेले, सेल घालून. नवे नव्हते, बॅटरीतलेच काढून घातलेले.

झालं! माझ्या डोक्यात लख्ख. सेल उतरत गेले तशी टेप हळू फिरत गेली. हळू फिरून भरलेली टेप नीट वेगाने लावली की काय होणार? आवाज पळणार आणि बारीक होणार. जितके सेल उतरले तितका जास्त. म्हातारी कुठेच पळाली नव्हती. टेपरेकॉर्डर दमला होता. आणि या पोरीने तो दम जसाच्या तसा, इमानाने, पाठ केला होता.

प्लगइनमध्ये वेगाचं बटण आहे म्हटलं ना, ते आपोआप हळूहळू फिरावं म्हणून पडद्यावर एक रेघ ओढता येते. मी ती रेघ उताराची ओढली. जास्त उतार झाला तर सासरे राक्षसासारखे बोलायला लागायचे. कमी झाला तर पोरगाच राहायचे. सून माझ्याशेजारी बसून सांगत होती, अजून जाड, नाही नाही, एवढे नव्हते, हां, जरासे वर. असं करत करत शेवटचं "पानी आना रं" पहिल्यासारखं लागलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. तिने पदर तोंडाशी धरला, आणि मी उगाच चहा ठेवायला उठले.

आता प्रश्न म्हातारीला सांगायचं कसं. सुनेची तयारी नव्हती. चोरून शिकले हे बाहेर येईल, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, मग दुसऱ्या गावचीला फोन करा. त्या संध्याकाळी रिक्षा करून ती सासूला घेऊन आली.

म्हातारी लिफ्टमधून बाहेर आली तीच कुरकुरत. धवला घरात लावायचा नसतो, वगैरे. मी म्हटलं, आजी, हा धवला नाही, धवल्याचा फोटो आहे. फोटोला देव येत नाहीत. हे तिला कसं कोण जाणे पटलं. खुर्चीत बसली, नाकातली नथ सारखी केली, आणि पडद्यावरची चाकं फिरताना बघून म्हणाली, हे आमच्याकडंय होता.

आधी मी कॅसेट जशी होती तशी लावली. तिने स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. थोडा वेळ मान डोलावली, मग कपाळाला आठ्या. शेवटाला म्हणाली, "कोन गो ही? हिच्या पाठी कुत्रा लागलाय?"

सून जमिनीकडे बघत म्हणाली, "आय, तुम्हीच हाव."

मग मी सेलचं सांगितलं, सुनेने कॅसेटचं सांगितलं, भाकऱ्यांसकट. म्हातारी ऐकत होती, तोंडावर काही दिसेना. मी उताराची रेघ ओढलेला धवला लावला.

तो सबंध ऐकला तिने. देव एकेक करून आले, बसले, कुणाची घाई नाही. आणि शेवटी मागून सासऱ्यांची हाक आली, हंड्यातली.

म्हातारीने हात वर केला. मी थांबवलं. ती म्हणाली, "तेवढाच परत लाव." मी लावलं. पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लावलं. मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि पोट हलतंय. म्हणाली, पाणी कुणी आणलंच नव्हतं त्या दिवशी. मीच मग उठून दिलं.

जाताना दारात चपला शोधता शोधता सुनेला म्हणाली, "हलदीला पाटावर तू बस. मी बाजूला खुर्चीत. पलालीस तर बघ."

एका रात्रीत काय सवय सुटते? महिनाभर सून ऑफिसला जाता येता हेडफोन लावून तो उताराचा धवला ऐकत होती. मला फोन करून सांगायची, काकू, अर्ध्यापर्यंत जमतं, पुढे पाय आपोआप उचलतो.

हळदीला मलाही बोलावणं होतं. हॉल कसला, महालच तो. एसी, फुलांची कमान, जेवणाकडे कोट घातलेली माणसं. मध्यभागी पाट आणि पाटावर सून, हिरव्या लुगड्यात. ऑफिसातली बाई कुठे गेली कोण जाणे. शेजारी खुर्चीत म्हातारी, पायाखाली उशी.

धवला सुरू झाला. मी मागच्या रांगेत. अर्धा झाला, छान. पुढचे देव आले, छान. आणि मग ती जागा आली. मला कळलं, म्हातारीलाही कळलं. सुनेचा आवाज एक पायरी वर सरकला, शब्द जवळ जवळ यायला लागले.

म्हातारी खुर्चीत ताठ झाली आणि नवऱ्याच्या आवाजात, जाड, लांबवून, हॉलभर ओरडली, "पानी आना रं!"

सुनेने एक श्वास घेतला. पुढचा देव सावकाश आला, पाटाजवळ थांबला, बसला. मग त्याच्या मागचा. शेवटपर्यंत एकही पळाला नाही.

कोटवाला माणूस मात्र पळत आला, पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन. म्हातारीने एक घेतली, स्वतः प्यायली नाही. झाकण उघडून सुनेच्या पाटाशी ठेवली.