माणशी एक वाक्य

आमच्या शाळेत इंग्रजी रेशनच्या गव्हासारखं वाटलं जायचं. माणशी एक वाक्य. हा शोध आमच्या मुख्याध्यापक सरांचा. तालुक्याचे साहेब 'स्पोकन इंग्लिश' बघायला येणार असा निरोप आला, की सर पोरांना ओळीने उभं करत आणि एकेकाला एकेक वाक्य देत. पहिल्याने म्हणायचं, "अवर व्हिलेज इज व्हेरी ब्यूटीफुल." दुसऱ्याने म्हणायचं, "माय फादर इज अ फार्मर." असं करत ओळ संपेपर्यंत अख्खा परिच्छेद तयार. ज्याला जे वाक्य मिळालं ते त्याचं, थेट चौथी पास होईपर्यंत. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही, नाहीतर सरांचे डोळे वटारलेच.

पद्धत झकास होती, फक्त एक खोट होती. एक पोर गैरहजर राहिलं की परिच्छेदाचा दात पडायचा. आणि दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा, अर्धं गाव ऊस तोडायला गुजरातेत जायचं, पोरंसोरं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळ्यासकट. मग सरांचा परिच्छेद पार बोळका व्हायचा. बिचारे सर! पोरं गेल्याचं त्यांना तितकं नसायचं, पण वाक्यं गेल्याचं फार लागायचं.

आमची शाळा तळोद्याच्या वर, डोंगरात, जीप जिथे हात टेकते तिथून आणखी चालत. दोन खोल्या, चार वर्ग, सर आणि मी. मी खालची, सपाटीवरच्या प्रकाशा गावाकडची. आमच्या घरात अहिराणी. डी.एड.ला गेले तेव्हा 'आहे'च्या जागी माझं 'शे' ऐकून पुण्याकडच्या पोरी तोंडाला रुमाल लावायच्या, म्हणून मी दात-ओठ खाऊन पुस्तकी मराठी शिकले. इथे वर पोरांच्या घरी पावरी बोली. त्यांना मराठीच परकी. त्या परकीच्या डोक्यावर आता इंग्रजी बसवायची होती, तीही साहेबांच्या तारखेच्या आत.

त्यासाठी आम्हाला तळोद्याला प्रशिक्षण दिलं. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीशिवाय अवाक्षर काढायचं नाही, हे मार्गदर्शकांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत समजावून सांगितलं. मराठीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान! घरी जाऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या सायेबले तरी येस का इंग्रजी?" आईचं शिक्षण दुसरी. तिला प्रशिक्षणाला का बोलावत नाहीत, कळत नाही.

तर मी आपलं माझ्या पद्धतीने चालवलं होतं. पोरांना घेऊन हातपंपावर जायचं, 'कम' म्हटलं की यायचं, 'गो' म्हटलं की पळायचं. आज बाजार म्हणजे 'टुडे', उद्या बाजार म्हणजे 'टुमॉरो'. सर व्हरांड्यातून ओरडायचे, "म्याडम, टाइमपास पुरे, व्हिजिट तोंडावर आली."

त्या पोरांत तिसरीतली एक मुलगी होती. दोन वर्षं ती शाळेत तोंड उघडत नव्हती. एक दिवस तक्त्यावरची अक्षरं बोटाने जुळवत बसली होती, जी, ओ, ए, टी. जुळवून झाली तशी तिने दाराबाहेर पाहिलं. बाहेर तिचीच शेळी चरत होती. अशी हसली म्हणता! त्या दिवसापासून तिने मला सोडलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं वाच, जीपच्या मागचं वाच, साबणाच्या कागदावरचं वाच. मला ती पोर फार आवडायची, उगाच आडपडदा कशाला ठेवू?

सरांनी तिला दिलेलं वाक्य होतं, "माय मदर इज अ हाउसवाइफ." कुठली हाउसवाइफ हो? त्या बाईचं घर दिवाळीपासून होळीपर्यंत बंद. पाठीला तान्हं बांधून ती फडात मोळ्या उचलायची. पण वाक्य ते वाक्य.

त्या वर्षी ट्रक आला आणि व्हिजिटची तारीख त्याच्यापुढे गेली. सरांचा जीव टांगणीला लागला. ज्या माणसाने आजवर एकाही पोराला ट्रकमधून उतरवलं नव्हतं, तो त्या मुलीच्या बापाच्या हातापाया पडला. आईबाप तान्ह्याला घेऊन गेले, मुलगी आजीजवळ राहिली. हाउसवाइफ वाचली. मला सरांचा हेतू माहीत होता, तरी मी खूश होते. म्हटलं, हेतू घाल चुलीत, होळीपर्यंत पोर शाळेत राहिली तर आपणहून पुस्तक वाचेल. आणि एवढं वाचता आलं की मग तिला कुणाची भीती नाही.

व्हिजिटच्या आदल्या दिवशी बाप परत आला. तिकडे तान्ह्याला पाहायला कुणी नव्हतं. ते रांगत उसाच्या पाचटात गेलं होतं, वर बैलगाड्यांची ये-जा. तो मुलीला न्यायला आला होता. सरांनी त्याला एक दिवस थांबवलं. मी त्याच्या झोपडीवर गेले आणि बोलू नये ते सगळं बोलले. कायदा सांगितला, मागे राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, पोरीच्या हुशारीचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, मग तू चाल. तान्हं तू सांभाळ."

डोंगरात सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यात अपमान नसतो. वसतिगृहाचा प्रस्ताव वर पाठवलेला होता, तो अजून वरच होता. मी चपला घातल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, पण उत्साह दांडगा. परिच्छेद सुरळीत निघाला. सर मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, ओठांनी प्रत्येक वाक्य पोरांबरोबर म्हणत होते. मुलीची हाउसवाइफही ठणठणीत निघाली. तेवढ्यात साहेबांना काय सुचलं कोण जाणे, ते तिच्यासमोर वाकून म्हणाले, "व्हेअर इज युवर मदर?"

हा प्रश्न वाटपात नव्हता. सरांचा चेहरा पडला. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि सावकाश म्हणाली, "मदर गो गुजरात. आय गो टुमॉरो."

मग साहेब म्हणाले, "व्हेरी गुड! काय कॉन्फिडन्स आहे!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मोबाइल काखेत धरून वाजवल्या. पोरांनी वाजवल्या. मी म्हटलं, "साहेब, ती उद्या शाळा सोडून चालली आहे." साहेब गंभीर झाले, वसतिगृहाचं काय म्हणून त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, प्रस्ताव पाठवलाय. "पाठपुरावा करा," साहेब म्हणाले आणि चहाला बसले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, पण चहा मीच गाळला.

सकाळच्या जीपने ती गेली. टपावर माणसं, आत माणसं, त्यात बापाच्या मांडीवर ती. मी तिला गोष्टीचं पुस्तक दिलं होतं, ते तिने फ्रॉकच्या आत खोचलं होतं. रडले मी, चांगली हुंदके देऊन रडले. ती नाही रडली. तिला आईकडे जायचं होतं.

पुढच्या महिन्यात तळोद्याला पुन्हा प्रशिक्षण लागलं. मार्गदर्शकांनी पडद्यावर आदर्श शाळेचा नमुना म्हणून आमचाच व्हिडिओ लावला. पडद्यावर केवढी मोठी दिसत होती ती! "मदर गो गुजरात. आय गो टुमॉरो." सभागृहात टाळ्या. मार्गदर्शक म्हणाले, ऐका, दिलेलं वाक्य नाही हे, पोरगी स्वतःच्या मनाने बोलते आहे. या शाळेच्या म्याडम आल्या आहेत, त्यांनी अनुभव सांगावा. मी उभी राहिले. मी म्हटलं, "माझं काही नको. ती काय म्हणते आहे तेवढं एकदा नीट ऐका."

त्यांना ते पटलं. आवाज वाढवून त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी टाळ्या जास्त वाजल्या.