खंडेनवमीचा विडा आणि बारा व्होल्ट

आश्विन शुद्ध नवमी, १९७७. सकाळी अंघोळीआधी मी मागच्या पडवीत बसून सासूबाईंच्या जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, ताटाच्या अर्ध्या तुकड्याला कानस मारत होते. कडा धारदार राहिल्या होत्या आणि शाळेत पोरं हात लावणार होती.

ताट कापलं म्हणून सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. कारण मी सांगितलं होतं. विजेच्या पेटीतला ट्रान्झिस्टर तापतो, ती उष्णता पसरायला अल्युमिनियमचा मोठा पत्रा लागतो, कीटवाल्यानं दिलेला पत्रा पोस्टकार्डाच्या निम्माही नाही. त्या म्हणाल्या होत्या, "कीटवाल्यानं नाही दिलं त माह्यं ताट काऊन कापलं? त्याच्या मायचं कापाचं."

त्यांचं चुकत नव्हतं. तो कीटवाला मला सापडला असता तर मीही काही बोलले असते.

त्याचं असं झालं. आमचं गाव अमडापूरपासून तीन कोसांवर. मी गावातल्याच हायस्कूलात विज्ञान शिकवत असे. नव्या पद्धतीत अकरावी-बारावी आली तेव्हा आमच्या शाळेला अकरावी विज्ञानाचा वर्ग तात्पुरता मिळाला. पहिल्या तपासणीला आलेल्या समितीनं प्रयोगशाळा पाहिली आणि शेरा मारला, की कमीजास्त करता येईल असा विजेचा पुरवठा नाही, तो दसऱ्यापर्यंत करावा, नाहीतर वर्गाची शिफारस होणार नाही. आमच्याकडे एक जुनी ऍसिडची बॅटरी होती. ती चार्ज होत नव्हती, तिच्या तोंडांवर पांढरी बुरशी धरली होती आणि तिच्यामुळे कपाटाचा तळ सडला होता. त्या वर्गात सात मुली होत्या. वर्ग गेला असता तर मुलं सायकलवर चिखलीला गेली असती. मुली गेल्या नसत्या. त्यांचे बाप काय म्हणतील ते मला पाठ होतं, कारण त्यांतल्या चौघांनी ते आधीच म्हणून ठेवलं होतं.

तयार उपकरण शाळेला झेपणारं नव्हतं. एका इंग्रजी मासिकात मी जाहिरात पाहिली, "शून्य ते बारा व्होल्ट, स्वतः जोडा, हौशी लोकांसाठी". कीट पोस्टानं, व्हीपीनं आलं. खोका उघडला आणि मला जी शिसारी आली ती आजही आठवते. पेटी गंजलेल्या पत्र्याची, गंजावरच रंग मारलेला, नखानं खरवडला की पापुद्रा निघायचा. माहितीचा कागद सायक्लोस्टाइल केलेला, त्यातली आकृती उलटी छापलेली, आरशात पाहावी तशी. ज्या कपॅसिटरवर वीस व्होल्ट पडणार तो सोळा व्होल्टचा. ट्रान्झिस्टर आणि पेटी यांच्यामध्ये घालायची अभ्रकाची चकती नव्हतीच. ती न घालता स्क्रू आवळला असता तर पेटीच्या पत्र्यातच वीज उतरली असती. शून्य ते बारा म्हणे. नॉब पूर्ण खाली आणला तरी दीडच्या खाली जात नव्हतं, आणि नॉब फिरायचाही उलटा. उजवीकडे फिरवला की कमी.

मी एकेक गोष्ट दुरुस्त करत गेले. नॉबच्या तारा उलट्या केल्या. अभ्रक बिघडलेल्या इस्त्रीतून काढलं, ब्लेडनं पातळ सोलून चकती कापली. कपॅसिटर अकोल्याहून आणला, आणि तिथूनच ट्रान्झिस्टरही दोन आणले, कारण कीटमधल्यावरचा छाप बोटानं पुसला जात होता.

एवढं करून पेटी चालू झाली आणि संध्याकाळी पुन्हा मेली. मेली म्हणजे बारावर ठेवलं की काटा नवावर येऊन थरथरायचा. आमच्याकडे शेतातले पंप सुरू झाले की गावातला दिवा मेणबत्तीसारखा होतो. दोनशे तीसच्या जागी एकशे साठ व्होल्ट येतात. कीट बनवणाऱ्यानं असं गाव पाहिलं नसावं.

मग ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालून चिखलीला गेले. तिथे मोटारी भरणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणारा, एक माणूस होता. जळालेल्या पंपाच्या मोटारींच्या राशीत तो बसलेला असे, बनियनवर, तोंडात तंबाखू. त्यानं ट्रान्सफॉर्मर तळहातावर घेऊन झेलला.

"बाई, मोटर आना. हे खेळनं कायले आनलं?"

"खेळणं आहे म्हणूनच तुमच्याकडे आणलं. मोटारवाले लोक तुम्हाला सोडतात कुठे."

तो हसला आणि बाजूला थुंकला, माझ्या चपलेपासून चार बोटांवर. मी त्याला सांगितलं, की आतल्या वेटोळ्यातून अजून एक तार बाहेर काढून दे, म्हणजे वीज कमी आली की मी बटणानं त्या तारेवर जाईन.

"समजलं. पंपाच्या स्टार्टरले आमी असंच करतो. पन बाई, रात्री फुल करंट आला आन् बटन तसंच राह्यलं त हे शेकून निंगन."

"बटण मी बघीन."

"बायका गॅस बंद कऱ्याचं इसरतेत."

"आमच्याकडे चूल आहे," मी म्हणाले. त्यानं काम मात्र चोख केलं. वर वॉर्निशचा हात मारला आणि बेअरिंगचं थोडं ग्रीसही कागदात बांधून दिलं, अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना लावायला. या सगळ्या प्रकरणात ज्याच्याविषयी मला किळस आली नाही असा हा एकच माणूस, आणि तो थुंकत होता.

एक गोष्ट करायची राहिली होती. पेटीच्या पुढे दोन पितळी खांब होते, एक लाल टोपीचा, एक काळ्या. ते कोणी चुकून एकमेकांना जोडले तर आतला ट्रान्झिस्टर जळणार. त्याला आवर घालायला एक छोटा ट्रान्झिस्टर आणि तारेचा एक तुकडा पुरतो. मी ते दसऱ्यानंतर करायचं ठरवलं. मुलांना पहिल्या तासालाच दम द्यायचा म्हणजे झालं, असा हिशेब. मुलांचा विचार मी केला होता. मोठ्यांचा केला नव्हता.

नवमीला शाळेत शस्त्रपूजा असायची. मुख्याध्यापकांची सूचना फिरली होती, की प्रत्येकानं आपापली हत्यारं पूजेला आणावीत. चित्रकलेच्या गुरुजींचे ब्रश, शिवणाची दोन यंत्रं, शेतीच्या तासाची खुरपी, घंटा आणि तिचा हातोडा. घासलेला पत्रा मागे बसवून मी पेटी नेली, तारा डागायची माझी सोल्डरची इस्त्री नेली, मीटर नेला. दोन दिवसांनी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, समिती येणार होती. सगळं एका टेबलावर मांडलेलं दिसेल, तेही बरं, असं मला वाटलं. पेटी चालू करून मुख्याध्यापकांना काटा बारावर आणून दाखवला, ते "वा" म्हणाले, मी बंद केली आणि घरी पुरणाचा स्वयंपाक होता म्हणून पूजेला न थांबता निघाले.

चार वाजता परत गेले, कारण पंप सुरू असताना पेटी पुन्हा एकदा तपासायची होती. प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि वास आला. झेंडू, उदबत्ती, आणि त्यांच्याखाली जळक्या वॉर्निशचा. तो वास ज्याला माहीत आहे त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

पेटीवर लाल खण घातलेला, हवा जायची सगळी भोकं झाकलेली. वर हार. पुढच्या काचेवर हळदीकुंकवाचा ओला लपका, त्यातून काटा दिसत नव्हता. भोकांत अक्षता. नारळाचं पाणी शिंपडलेलं, ते नॉबखाली चिकट होऊन बसलेलं आणि मुंग्या लागलेल्या. आणि दोन पितळी खांबांवर, जणू त्यासाठीच केले आहेत अशा ठिकाणी, विड्याचं पान आणि सुपारी. विड्यावरचं रुपयाचं नाणं घसरून दोन्ही खांबांना टेकून उभं होतं. भिंतीवरचं बटण चालू.

शिपाईमामा मागे येऊन उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस, शाळा उघडायचा, बंद करायचा, आणि पूजा सांगायचाही, कारण गावचा भटजी नवमीला मोकळा नसे.

"चालू कोणी ठेवली?" मी विचारलं.

"म्याच. बंद मशीनची पूजा करत नसतेत बाई. टॅक्टर नाई का चालू करत? सरच म्हनले, चालू करा, लाइट लागला की देखना दिसते."

"आणि नाणं?"

"विड्यावर दक्षिना नको?"

मी प्लग भिंतीतून ओढला. खण उचलायला हात घातला, तेवढ्यात मुख्याध्यापक आले. ते भूमितीचे. सिद्धता फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे.

"बाई, हात लावू नका. पूजेतलं हत्यार उद्या सोनं लुटून आल्यावर हलवायचं असतं."

"सर, हे जळलं आहे."

"उद्या संध्याकाळी बघा ना. परवा सकाळी समिती आहे."

"ते मी तुम्हाला सांगते आहे. ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर चिखलीचा माणूस उद्या दुकान उघडणार नाही, त्याची हत्यारंही पूजेत आहेत. नसेल गेला तर मला दुरुस्तीला दिवस लागेल. आणि माझी इस्त्री, माझा मीटर, तुमच्या हाराखाली आहेत."

त्यांनी खणाचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "मागं एका वर्षी एकानं नवमीला कुऱ्हाड उचलली, आठ दिवसांत बोट गेलं. शाळेवर काही आलं तर लोक मलाच बोलतील."

"वर्ग गेला तर कोणाला बोलतील?"

"वर्ग देवाच्या हातात आहे."

मला त्या माणसाची घृणा आली. देवाच्या हातात काय होतं ते समोर दिसत होतं, मुंग्या आणि रुपया. पण त्याहून जास्त राग माझा मला आला. दोन तासांचं काम मी दसऱ्यानंतर म्हणून ठेवलं होतं. त्या दोन तासांत मी ताटाच्या कडा घासल्या होत्या.

शिपाईमामांनी खोलीला कुलूप लावलं. मुख्याध्यापक निघून गेल्यावर ते फाटकापर्यंत माझ्याबरोबर आले.

"बाई, पोरीईचा वर्ग खरंच जाईन काय?"

"जाईल."

"माही नात हाय त्याच्यात."

"माहीत आहे मला. मामा, उत्तरपूजा सकाळी करायची नाही असं कुठं लिहिलंय?"

त्यांनी विचार केला. "लिव्हेल त नाई. आमच्या तिकडं लोहार पहाटीच उचलतेत. त्याईले काम असते."

"मग?"

"सर सात वाजेलोक झोपेल असतेत," ते म्हणाले आणि कुलूप ओढून बघायला परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून शाळेत गेले. न्हाले ते देवासाठी नाही, कोणाला बोलायला जागा राहू नये म्हणून. मामांनी कुलूप काढलं. मी टेबलावर अक्षता टाकल्या, त्यांनी 'पुनरागमनाय च' म्हटलं, मी हार उचलून बादलीत टाकला आणि सोल्डरची इस्त्री तापायला लावली.

आधी मीटरनं ट्रान्सफॉर्मर पाहिला. तो जिवंत होता. फ्यूज उडाला होता आणि त्यानंच त्याला वाचवलं होतं. कीटवाल्यानं दिलेल्या वस्तूंपैकी कामाला आलेली ती एकच. ट्रान्झिस्टर आरपार गेला होता. अकोल्याहून आणलेला दुसरा लावला, अभ्रक नवं, ग्रीस तेच, फ्यूजला नवी तार. अक्षता आतून दाभणानं वेचल्या, सदतीस निघाल्या. नारळाचं पाणी स्पिरिटनं पुसलं. मग राहिलेलं काम केलं, खांब जुळले तरी काही जळू नये असा आवर. घरून विजेच्या मोडक्या शेगडीच्या कॉइलची बोटभर तार आणली होती, ती आणि जुन्या रेडिओतला छोटा ट्रान्झिस्टर जोडला. नऊ वाजले. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले, टेबलाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मामा खिडकीची काच पुसत होते, जी मी त्यांना पुसायला सांगितली नव्हती.

"झाली का उत्तरपूजा?" मुख्याध्यापक म्हणाले.

"झाली."

मी काटा बारावर आणला. विड्यावरचा तो रुपया कुंकवासकट उचलला आणि दोन्ही खांबांवर आडवा ठेवला. मामांनी डोळे मिटले. काटा शून्यावर पडला, पेटी किंचित गुणगुणली. मी दहा मोजले. रुपया काढला. काटा बारावर आला आणि तिथे थांबला.

रुपया मी मुख्याध्यापकांच्या हातात दिला, त्यांच्या बोटांना कुंकू लागलं, आणि घरी जाऊन सासूबाईंना अमडापूरच्या बाजारात नवं ताट घेऊ म्हणून सांगितलं.